बळदातली ओहोटी

लातूरच्या काळ्या मातीवर समुद्र उतरला तो लोणच्याच्या बरण्यांतून. बार्शी लाइनच्या इवल्याशा गाडीने दुपारच्या उन्हात शेवटचा उसासा टाकला, आणि मार्तंडने तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून एकेक बरणी अशी हलक्या हाताने उतरवली की पाहणाऱ्याला वाटावे, हा कुणाचे तरी देव घेऊन गावी आला आहे. चिनी मातीच्या चार बरण्या, तोंडाला पांढरी फडकी बांधलेल्या. आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली एक लाकडी पेटी. बरण्यांत रत्नागिरीच्या खाडीचे पाणी होते. पेटीत त्याच खाडीचा चिखल, आणि त्या चिखलात बिळे करून बसलेले वीसेक खेकडे.

वाटेत त्याने पुष्कळ सोसले होते. कुर्डुवाडीपासून सहप्रवाशांनी लोणच्याच्या फोडीसाठी त्याचा पिच्छा पुरवला होता. मोगलाईच्या, म्हणजे हैदराबाद संस्थानाच्या, हद्दीवर जकातनाक्यावरच्या कारकुनाने फडके सोडून बोट बुडवले, ते जिभेला लावले, आणि बराच वेळ आभाळाकडे पाहून विचारले, "यात कैऱ्या कुठं आहेत?"

"कैऱ्या नाहीत. समुद्र आहे," मार्तंड म्हणाला.

कारकुनाने त्याच्याकडे, मग बरणीकडे पाहिले. समुद्रावर काय आकारावे याचा उल्लेख त्याच्या दरपत्रकात नसावा. त्याने फडके पुन्हा बांधून दिले, तेही जरा आदराने.

मार्तंड नांदेडच्या रेणुकादास वकिलांचा एकुलता मुलगा. हैदराबादच्या कॉलेजात तो प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्गात शिकत होता, आणि ज्या संस्थानाला वीतभरही किनारा नाही त्या संस्थानात राहून त्याने अभ्यासाला समुद्र निवडला होता. सोबती त्याला 'दर्याखान' म्हणत. प्राध्यापक जहीरुद्दीन साहेबांनी मात्र हसण्याऐवजी विचारले होते, "तुला समुद्राला नेमकं काय पुसायचं आहे?"

"किनाऱ्यापासून दूर नेलेला जीव समुद्र विसरतो का, हे पुसायचं आहे," मार्तंडने उत्तर दिले होते. खाडीतले हे खेकडे ओहोटी लागली की बिळातून वर येतात आणि भरती आली की बिळात जातात, हे कोळ्यांच्या पोरांनाही ठाऊक होते. परंतु भरती नाही, ओहोटी नाही, सूर्य नाही, चंद्र नाही, अशा जागी त्यांना नेऊन ठेवले तर? तिथेही ते ओहोटीची वेळ पाळतील का?

साहेबांनी चष्मा पुसला होता. "शायरी उमदा आहे. आता पुरावा आण."

पुरावा मिळाला तर साहेब मद्रास किनाऱ्यावरच्या एका संशोधन केंद्रासाठी त्याची शिफारस करणार होते. नाही मिळाला, तर काय करायचे हे रेणुकादासरावांनी ठरवून ठेवले होते. "सुट्टी संपेपर्यंत तुझा समुद्र. त्यानंतर माझं वकिलीचं दफ्तर," असे त्यांनी लिहून कळवले होते; आणि वकिलाने लिहून दिलेल्या शब्दाला पळवाट नसते. जहीरुद्दीन साहेब चैत्र वद्य अष्टमीला औरंगाबादकडे जाताना नांदेडला उतरून सगळे पाहणार होते. आज चतुर्दशी होती. नांदेडच्या घरी दिवसभर पक्षकारांची वर्दळ. तिथे निवांत अंधार कुठला? म्हणून मार्तंडने लातूरच्या मावशीचे घर गाठले होते.

ठेसनावर मावशीचे यजमान भुजंगराव छकडा घेऊन उभे होते. गंजातले, म्हणजे धान्यबाजारातले, नावाजलेले अडत्ये. आवाज असा की चार दुकाने ओलांडून भाव कळावा. "काय रे मार्तंडा, लग्नाआधीच सासुरवाडीची शिदोरी?" त्यांनी पेटीवरचे गोणपाट उचलले आणि हात झटकन मागे घेतला. "अरे, हे तर हलून राहिलेत!"

खेकडे रुपयाएवढेच होते. पण नराची एक नांगी उरलेल्या देहाएवढी मोठी आणि केशरी. ती तो उंच उचली, जरा थांबे, आणि खाली आणी. जणू अदृश्य सभेत कुणाला तरी जवळ बोलावतो आहे. भुजंगराव निरखून पाहत राहिले. "हा थोरला तर आमच्या अडतीतला अण्णाराव मापाडीच. असाच एक हात वर करून माप मोजतो." आणि त्या क्षणापासून थोरल्या खेकड्याचे नाव अण्णाराव पडले.

खरी परीक्षा घरी होती. कुसुममावशी ओसरीवर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "सोवळ्याओवळ्याच्या घरात जलचर? कुठं फेडशील हे?"

"मावशी, ते पेटीच्या बाहेर येत नाहीत."

"खातात काय?"

"चिखल. चिखलात जे बारीकसारीक असतं ते."

मावशीने पेटीवर वाकून पाहिले. "मासळी न्हाई? किडामुंगी न्हाई?"

"नाही."

"मग शाकाहारीच की बिचारे! राहू दे." ती आत वळली आणि दारातून म्हणाली, "पण बरण्या माझ्या लोणच्यांपाशी ठेवायच्या न्हाईत, सांगून ठेवते."

घराच्या मागच्या अंगाला बळद होते. धान्य साठवायची ती खोली. तिला खिडकी नाही, झरोका नाही, आणि दाराला घोंगडे लावले की दिवस आणि रात्र दोन्ही बाहेर राहत. ज्वारी विकून गेल्यामुळे ती रिकामी होती. आत पाऊल टाकले की जुन्या धान्याचा गोड, झोपाळू वास येई. या अंधारात मार्तंडने पेटी ठेवली, बरण्यांतले पाणी शिंपून चिखल ओला केला, आणि बिळांभोवती मावशीकडून मागून घेतलेली रांगोळी पातळशी पसरली. खेकडे वर आले की रांगोळीवर त्यांच्या पायांच्या नाजूक रेघा उमटत; लाल फडके गुंडाळलेला कंदील घेऊन दर तासाला आत जायचे, रेघा पाहायच्या, आणि रांगोळी पुन्हा सपाट करायची, एवढेच काम. मावशीला त्याने बजावून सांगितले, "मावशी, इथं उजेड येता कामा नये. दिवस केव्हा उगवला, केव्हा मावळला, हे त्यांना कळायलाच नको."

"न्हाई येऊ देत," मावशी म्हणाली. "घोंगड्याला कुणी हात लावणार न्हाई."

दिवसभर तो बळदाच्या उंबऱ्याशी चटई टाकून पडे आणि अंधाराकडे कान लावून बसे. बाहेर बैलगाड्यांची कुरकुर, पारव्यांचे घुमणे, उन्हाने तडकणारी कौले. आणि आत, घोंगड्यापलीकडे, एक अख्खा किनारा श्वास रोखून बसलेला. त्याला कधी वाटे, आपण समुद्राची स्मृती राखायला नेमलेला पहारेकरी आहोत. कधी वाटे, असे काही आत नाहीच. फक्त चिखल आहे, आणि आपल्या एकाकी हट्टाने त्याला समुद्राचे नाव दिले आहे. पण पौर्णिमेच्या सांजेला रांगोळीवर रेघांची जाळीच उमटली, आणि त्याच्या काळजात काहीतरी भरून आले. सोबतच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकाप्रमाणे रत्नागिरीला त्या वेळी ओहोटीच होती.

पौर्णिमेलाच सकाळी मावशी हातात फुलपात्र घेऊन आली होती. "पर्वकाळ आहे. तुझ्या त्या समुद्रातलं पळीभर पाणी दे. आंघोळीच्या पाण्यात घालते. या जन्मी समुद्रस्नान कुठलं घडायला!" त्याने पळीभर दिले. तिने ते कपाळाला लावले, आणि नाकाशी नेऊन म्हणाली, "वास मात्र तीर्थासारखा न्हाई हं."

तिन्हीसांजा झाल्या की भुजंगराव त्याला ओढून गंजगोलाईत घेऊन जात. "अंधारात बसून बसून तूच खेकडा होशील. चल." गोलाईभोवती दिवे लागत, भाव ओरडले जात, आणि भुजंगराव प्रत्येक दुकानापाशी थांबून ओळख करून देत, "हा आमचा भाचा. समुद्र घेऊन आला आहे." परतल्यावर मार्तंड आधी बळदात जाई. कधी कधी तिथे करडईच्या तेलाचा पुसटसा वास येई. देवघर भिंतीपलीकडेच होते, म्हणून त्याने तिकडे लक्ष दिले नाही.

रांगोळी मात्र बोलत होती. रेघा उमटायची वेळ रोज दोन घटका, म्हणजे पाऊण तासभर, पुढे सरकत होती: आज सांजेला, उद्या त्यानंतर, परवा जेवणे झाल्यावर. आभाळातला चंद्रही रोज तेवढाच उशिरा उगवत होता. खेकड्यांना तो दिसत नव्हता, आणि तरी त्यांची पावले त्याच्याच मागून चालली होती. मार्तंड अंगणात उभा राहून चंद्राकडे पाही, आणि ओठांवर आलेली ओळ मुकाट्याने गिळून टाकी. पुरावा आधी, कविता मग.

सप्तमीला सकाळी तो नांदेडला निघाला. मावशीही निघाली. आई गेल्यापासून वडिलांसमोर मार्तंडचे वकीलपत्र मावशीकडेच असे, आणि अशा खटल्याच्या दिवशी ती मागे राहणे शक्य नव्हते. युद्धामुळे पेट्रोल मिळत नव्हते. मोटार कोळशाच्या गॅसवर चाले, पाठीला भट्टी बांधून. मांडीवर पेटी, पायाशी उरलेली एक बरणी, असा मार्तंड बसला. मोटार हलली तशी मावशी समाधानाने म्हणाली, "बरं झालं बाई. पौर्णिमेपासून एक सांज चुकू दिली न्हाई मी."

"कसली सांज?"

"दिव्याची. बळदात रोज तिन्हीसांजेला दिवा लावून ठेवत होते न्हाई का कोनाड्यात? तू गोलाईतून यायच्या आत तेल संपून विझायचा. घरात खोली आहे, खोलीत जीव आहेत, आणि दिवेलागणीला अंधार? माझ्या सासूनं त्या बळदात रिकामं असतानासुद्धा दिवा लावलाय."

मार्तंडला वाटले, मोटार थांबली आहे आणि रस्ताच मागे पळतो आहे. "मावशी! मी म्हटलं होतं, उजेड नको!"

"उजेड कुठं केला मी? घोंगडं जसंच्या तसं होतं. दिवा म्हणजे काय उजेड असतो? दिवा म्हणजे दिवा." त्याचा चेहरा पाहून तिचा आवाज उतरला. "काही चुकलं का रे?"

त्याने मांडीवरची पेटी जवळ ओढली. रोज ठराविक वेळी आत दिवा लागत असेल, तर अंधार हा अंधारच उरला नव्हता. त्या जीवांना संध्याकाळ कळत होती. आठवडाभराची मेहनत एका वातीने जाळली होती, आणि तेही मायेने लावलेल्या.

चाकूरला मोटार थांबली. ड्रायव्हर भट्टीत कोळसा ढोसू लागला. सगळे उतारू निंबाखाली गेले, मावशी मात्र जागेवरच बसून राहिली. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "मी कुणाला सांगत न्हाई. तूही सांगू नकोस. दिवा लावला काय न् न्हाई काय, पाहिलंय कुणी?"

बाहेर उघड्या माळावर ऊन थरथरत होते. दुरून पाहिले तर पाणीच पसरले आहे असे वाटावे. इतके खरे दिसणारे, आणि जवळ गेले की नाहीसे होणारे. मार्तंड त्या खोट्या पाण्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

"नाही, मावशी," तो म्हणाला. "सांगावंच लागेल."

अष्टमीला सकाळच्या गाडीने जहीरुद्दीन साहेब आले. उंच, कृश, शेरवानीतले. उर्दूच्या वळणाचे मराठी अगत्याने बोलणारे. वकिलांच्या दफ्तराच्या खोलीला खिडक्यांवर जाजमे टांगली होती, आणि कायद्याच्या ग्रंथांच्या कपाटासमोर, पक्षकारांच्या बाकावर, पेटी विराजमान झाली होती. शेजारच्या खोलीत चहा झाला. मार्तंडने आठवडाभराच्या वेळा सांगितल्या. साहेबांचे डोळे चमकू लागले. मग तो थांबला, आणि एका दमात दिव्याची हकिगत सांगून मोकळा झाला.

साहेबांनी कप खाली ठेवला. "म्हणजे मुकम्मल, पुरा अंधार नव्हताच."

"नव्हता, साहेब."

रेणुकादासराव खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता, पण निकाल मनाशी लिहून झाल्याची शांतता होती. "दफ्तरात तुझं टेबल तयार आहे," ते सौम्यपणे म्हणाले.

आतल्या दाराचा पडदा हलला. "मी बोलू का?" आणि परवानगीची वाट न पाहता मावशीने पदर सावरून सुरुवात केली. "चूक माझी आहे. पण त्या जीवांनाही जरा रीतभात हवी होती! पहिल्या दिवशी, पौर्णिमेला, मी दिवा लावला तर सगळे बिळाबाहेर. हा अण्णाराव तर हात वर करकरून नमस्कार करत होता. मी म्हटलं, काय गुणी लेकरं! दुसऱ्या दिवशीही आले. मग कसलं काय. तिसऱ्या दिवशी कुठं एखादा. आणि चौथ्या दिवसापासून मी दिवा घेऊन उभी, न् एक येईल तर शपथ. रुसले की काय, मला कळेना."

साहेब हळूहळू उठून उभे राहिले. "बाईसाहेब, दिवा रोज एकाच वक्ताला लागत होता?"

"तिन्हीसांजेला. दिव्याला दुसरी वेळ असते का?"

"एखादा दिवस आगेपीछे?"

मावशी तडकलीच. "अहो, अंगात ताप असताना लावलाय मी दिवा! आगेपीछे काय म्हणता?"

"कुसुमताई," रेणुकादासरावांना राहवले नाही; उलटतपासणीची सवय हाडात भिनलेली होती. "नीट आठवून सांगा. चौथ्या दिवशी दिवा होता, आणि खेकडे नव्हते?"

"न्हवते म्हणजे न्हवते. लिहून घ्या."

मार्तंडच्या मनात काहीतरी पटकन उघडले, शिंपला उघडावा तसे. "साहेब," तो म्हणाला, आणि आपलाच आवाज त्याला लांबून ऐकू आला. "खेकडे दिव्यावर वेळ लावत असते, तर रोज दिव्याच्याच वेळी वर आले असते. दिवा त्यांना रोज तीच सांज सांगत होता. ते रोज दोन घटका पुढे गेले. त्यांनी दिव्याचं ऐकलं नाही."

"समुद्राचं ऐकलं," साहेब म्हणाले, आणि खळखळून हसले. "अरे दर्याखान, अंधारात तर फक्त एवढंच कळलं असतं की त्यांना वेळ ठाऊक आहे. या बाईंनी त्यांना रोज दुसरी वेळ शिकवून पाहिली, आणि ते शिकले नाहीत! असा तजुर्बा, असा प्रयोग, मला सुचायला हवा होता." मग ते एकदम गंभीर झाले. "पण हा सगळा कालपर्यंतचा हिसाब. मोटारीच्या धक्क्यांनंतरही ते समुद्राशी इमान राखतात का, हे मला माझ्या डोळ्यांनी पाहायचं आहे. आज कधी येणार?"

मार्तंडने मनाशी मोजले: ओहोटी दिवसातून दोनदा; सांजेची सरकत सरकत मध्यरात्रीवर गेली, म्हणजे पहाटेची तेवढीच पुढे आली. "दोन प्रहरी. सूर्य माथ्यावर आला की."

"आणि आले नाहीत तर?" वकिलांनी विचारले.

"तर टेबल तयार आहे, बाबा."

दुपारी चौघे त्या अंधाऱ्या खोलीत बसले. लाल फडक्यातल्या कंदिलाने कपाटातल्या ग्रंथांच्या पाठींवरची सोनेरी अक्षरे विझत्या निखाऱ्यांसारखी दिसत होती. बाहेर गोदावरीकडून येणारा वारा जाजमांना हळूच ढकलत होता. चिखलावरची रांगोळी कोरी होती. मार्तंडच्या डोळ्यांसमोर चाकूरच्या वाटेवरचे खड्डे, भट्टीची धग, पेटीचे हिंदकळणे, सगळे पुन्हा येऊन गेले. कोण जाणे, त्या आदळआपटीत आत काय काय विस्कटले असेल. मावशीचे ओठ हलत होते. ती माहूरच्या रेणुकेला काहीतरी कबूल करत असावी.

एका बिळाच्या तोंडाशी चिखलाचा दाणा हलला.

मग तो बाजूला ढकलला गेला. देठांवरचे दोन डोळे वर आले, थांबले, आणि अख्ख्या खोलीचा अंदाज घेतला. त्यामागून केशरी नांगी बाहेर आली. अण्णाराव रांगोळीवर आले, पावलांची पहिली रेघ उमटली, आणि त्यांनी हात उंच उचलला. पाठोपाठ दुसरे बीळ, तिसरे. बघता बघता पेटीभर हात वरखाली होऊ लागले. सह्याद्रीपलीकडे, इथून कित्येक कोस दूर, खाडीतले पाणी उतरले होते, आणि नांदेडच्या एका वकिलाच्या बाकावर त्याची वर्दी पोचली होती.

"साक्षीदार हजर," रेणुकादासराव पुटपुटले. ते पुढे वाकले, इतके की त्यांचा चष्मा घसरला. कोर्टाखेरीज कशाचेही अप्रूप न वाटलेला तो माणूस पोरासारखा पाहत होता. "मार्तंड, आत्ता... आत्ता तिथं खरंच पाणी मागं गेलं असेल?"

"हो, बाबा."

"मी समुद्र कधी पाहिला नाही," ते म्हणाले. बऱ्याच वेळाने त्यांनी पेटीशेजारच्या बरणीतल्या पाण्यात बोट बुडवले, जिभेला लावले, आणि तोंड वेडेवाकडे केले. "ते टेबल माणिकप्पाला देऊन टाकतो. गेलं वर्षभर बिचारा मुन्शी खिडकीत बसून लिहितो आहे."

साहेबांनी तिथेच शिफारस लिहिली. निघताना ते मावशीला म्हणाले, "बाईसाहेब, एक अर्ज आहे. पेटी इथं असेपर्यंत दिवा चालू ठेवा."

त्या संध्याकाळी गाडी शिट्टी घालून निघून गेल्यावर मावशी निरांजन घेऊन दफ्तरात आली. मागे मार्तंड, त्याच्या मागे वकील, आणि बातमी ऐकून थांबलेले दोन पक्षकार. रत्नागिरीला या वेळी भरती असणार होती. खाडी काठोकाठ, चिखलावर गर्द पाण्याचे पांघरूण. मावशीने दिवा कपाटाच्या कडेला ठेवला आणि हात जोडले. ज्योत स्थिर झाली. पिवळा उजेड रांगोळीवर सांडला, बिळांच्या काळ्या तोंडांपर्यंत गेला, आणि तिथेच थबकला.

सगळे श्वास रोखून पाहत राहिले. चिखलाचा एक कणही हलला नाही.

"बघा!" मावशी मागे वळून अभिमानाने म्हणाली. "एक तरी आला का? एकसुद्धा न्हाई!"